शाळेचें छप्पर
आपल्या मुलखांतील सार्वजनिक शाळागृहें कोणीं बांधलीं व कोणीं राखलीं



ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तिकेंत देवळाच्या घंटेचा, वेदीचा व सणांच्या मिरवणुकींचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिला आहे, आणि तो त्यांनीं आमच्याहून अधिक माहितीनें दिला असेल याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आम्हीं मात्र या थोड्या पृष्ठांकरितां देवळाच्या कुंपणाबाहेरील एका इमारतीचा विषय निवडला आहे. ती इमारत म्हणजे गांवची सार्वजनिक शाळा. आपल्यांतील बहुतेक वडीलधाऱ्यांनीं आपलें पहिलें अक्षर अशाच एखाद्या शाळेच्या पाटीवर गिरविलें. त्यांनीं देवळाचें ऋण वेळोवेळीं फेडलें. शाळेचें ऋण फेडण्याची आठवण मात्र क्वचितच कोणास झाली. ज्युबिली हा ऋणें आठवण्याचा काळ आहे, म्हणून हा लेख.

आम्ही या विषयाकडे कां वळलों हें प्रथम सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, सेमिनरींतून बाहेर पडून थोडाच काळ लोटला असतां, आमची नेमणूक दुसऱ्या एका गांवीं झाली होती. तेथें देवळाच्या कुंपणापलीकडेच सरकारी शाळेची लांबट कौलारू इमारत होती. तिच्या पश्चिमेकडील भिंतीस जोत्यापासून वाशापर्यंत एक भेग गेलेली होती. आम्ही रोज सायंकाळीं जपमाळ म्हणत फिरत असूं, तेव्हां ती भेग आमच्या दृष्टीस पडे. एका पावसाळ्यांत तिच्यांत हाताचीं बोटें जाऊं लागलीं. हेडमास्तरांनीं एकदां विषय काढला, “फादर, वर लिहून कळविलें आहे, बघूं या.” आम्हींही “बघूं या” असेंच म्हटलें, आणि देवळाच्या मंडपास कोणता रंग द्यावा या चर्चेस परत लागलों. पुढें श्रावणांतल्या एका रविवारीं, सकाळच्या मिस्साच्या वेळीं, ती भिंत पडली. रविवार म्हणून वर्ग रिकामा होता व कोणासही इजा झाली नाहीं. परंतु दुसरे दिवशीं त्या मातींतून काढलेल्या पाट्या व एक लहानशी चप्पल आम्हीं पाहिली, आणि आदल्या शनिवारीं त्याच भिंतीस टेकून बसलेलीं मुलें आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहिलीं. ती शाळा सरकारची होती हें खरें. पण मुलें गांवचीं होतीं, आणि त्यांतलीं कांहीं आमच्याच धर्मग्रामांतलीं होतीं. तेव्हांपासून जुन्या शाळेजवळून जातांना आम्ही प्रथम तिच्या भिंतीकडे व नंतर फलकाकडे पाहतों.

आतां इतिहासाकडे वळूं. आपल्या मुलखांत शाळेस स्वतःचें घर असावें ही कल्पना फार जुनी नाहीं. इंग्रजी अंमल नुकताच बसला होता त्या १८२० ते १८३० च्या दशकांत मुंबई इलाख्यांतील देशी शाळांची सरकारनें चौकशी केली. रा. वि. परुळेकर यांनीं त्या चौकशीचे कागद १९४५ सालीं प्रसिद्ध केले. त्यांवरून दिसतें कीं, पंतोजी मुलांस देवळांत, कोणा गृहस्थाच्या ओसरीवर, किंवा आपल्याच घरीं शिकवीत असत. शाळा म्हणजे माणूस, घर नव्हे, अशीच समजूत होती. पंतोजी गांव सोडून गेला कीं शाळाही त्याच्याबरोबर जाई.

आपल्या ख्रिस्ती समाजाची रीत थोडी निराळी होती. उरण-करंजाचा मुलूख सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांकडे गेला. द्रोणागिरीच्या माथ्यावर पेन्हाच्या मातेचें देऊळ त्यांनीं उभारिलें, त्याचे अवशेष डोंगर चढून जाणारांस आजही दिसतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा मुलूख मराठ्यांनीं घेतला, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें तो इंग्रजांकडे कायम झाला. पोर्तुगीज अमदानींत देवळाबरोबर ‘फाब्रिक’ नांवाची एक व्यवस्था येई. देवळाची इमारत नीट राखणें व उपासनेचें साहित्य पुरविणें यांसाठीं वेगळा काढलेला निधि, असा तिचा थोडक्यांत अर्थ. गोव्यांतील देवळांत हा शब्द अजून चालू आहे. वाचकांनीं हा शब्द लक्षांत ठेवावा, कारण या लेखाचा सारा अर्थ त्यांत आहे. देऊळ बांधणाऱ्यांस ठाऊक होतें कीं, बांधून झालेली इमारत दुसऱ्या दिवसापासून म्हातारी होऊं लागते, आणि तिच्या वार्धक्याचा खर्च तिच्या जन्मापासूनच बाजूस काढावा लागतो.

सरकारी शाळांच्या बाबतींत ही दूरदृष्टि प्रथमपासूनच नव्हती. १८५४ च्या वुडच्या खलित्याच्या सुमारास मुंबई इलाख्यांत अशी पद्धत पडली होती कीं, गांवानें मास्तराचा अर्धा पगार द्यावा व शाळेसाठीं जागाही पुरवावी. मग उरलेला अर्धा पगार सरकार देईल. पुढें १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा ‘लोकल फंड’ बसविण्यांत आला, व १८६९ च्या कायद्यानें त्यास पक्कें रूप आलें. या आण्याचे दोन हिस्से रस्त्यांकडे व एक हिस्सा शाळांकडे जाई. म्हणजे बारा रुपये सारा भरणारा शेतकरी बारा आणे लोकल फंड भरी, आणि त्यांतले चार आणे शाळेच्या वांट्यास येत. भातशेती करणाऱ्या आपल्या आगरी बांधवांच्या पूर्वजांनीं हे चार आणे भरले आहेत. गांवची शाळा ‘सरकारनें दिली’ असें आपण सहज बोलतों, तें अर्धेंच खरें आहे. तिच्या पहिल्या विटेंत खाचराच्या चिखलाचा पैसा आहे.

हा पैसा कोणाकडून येतो व कोणावर खर्च होतो, हा प्रश्न जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें ठेवला. शेतकऱ्याच्या श्रमाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा मात्र उपेक्षित राहतात, अशी त्यांची तक्रार होती. दीडशें वर्षांच्या उंबरठ्यावर ती तक्रार वाचतांना शब्द जुने वाटतात, परंतु गांवच्या शाळेचें छप्पर पाहिल्यावर विषय जुना वाटत नाहीं.

त्यानंतर शाळांची मालकी वेळोवेळीं हात बदलीत गेली. १८८३ सालीं पनवेल तालुका ठाणें जिल्ह्यांतून निघून कुलाबा जिल्ह्यांत आला. १८८४ च्या कायद्यानें लोकल बोर्डें स्थापन झालीं. १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांकडे सोंपविला, व १९४७ च्या कायद्यानें त्यांत पुन्हा फेरफार झाले. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. पनवेल शहराची नगरपालिका १८५२ सालची, तिच्या जागीं १ ऑक्टोबर १९१६ नव्हे, तर परवांच्या २०१६ सालीं त्याच तारखेस महानगरपालिका झाली. तेव्हां तिच्या हद्दींत आलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा कोणीं चालवाव्या हा प्रश्न कित्येक वर्षें भिजत पडला. घराचा मालक बदलला कीं गळक्या कौलाची जबाबदारी जुन्या मालकाची कीं नव्याची, हा वाद आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. वाद चालतो तोंवर पाऊस थांबत नाहीं.

इमारतींचें साहित्यही काळाप्रमाणें बदललें. जुन्या शाळागृहांच्या भिंती दगडाच्या किंवा विटांच्या व चुन्यांत बांधलेल्या असत. वर सागवानी वासे, रिपा आणि मंगळुरी कौलें. हीं कौलें बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें कारखाना काढून प्रचारांत आणलीं व तीं समुद्रमार्गानें साऱ्या कोंकणांत पसरलीं. अशा घरास दरवर्षीं रोहिणीच्या आंत शाकारणी लागे. फुटकें कौल बदलावें, आढें पाहावें, वाळवीची माती झाडावी, पन्हाळ साफ करावी, एवढें केलें कीं घर पिढ्यान्‌पिढ्या टिके. स्वातंत्र्यानंतर गांवोगांव लोकवर्गणीनें व श्रमदानानें शाळाखोल्या उभ्या राहिल्या, आणि हळूहळू सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आला. स्लॅबास शाकारणी नको, म्हणून त्यास कांहींच नको अशी समजूत पसरली. ती घातक ठरली.

आपल्या भागांत तर ती विशेष घातक. उरण-द्रोणागिरी हा मिठागरांचा, खाडीचा व खाऱ्या वाऱ्याचा प्रदेश. खारट ओलावा काँक्रीटमधून हळूहळू आंत शिरतो व सळईस गंज चढवितो. गंजाला मूळ लोखंडाहून दुपटीपेक्षां अधिक जागा लागते. म्हणून तो भोंवतालचें काँक्रीट आंतून फोडतो. प्रथम गिलाव्यावर तांबूस डाग दिसतो, मग सळईच्या रेषेनें चीर पडते, मग पापुद्रा सुटून सळई उघडी पडते. बांधतेवेळीं खाडीची न धुतलेली रेती किंवा खारें पाणी वापरलें असेल, तर हाच क्रम लवकर सुरू होतो. वरून गिलावा व रंग दिला म्हणजे डाग झांकतो, रोग झांकत नाहीं. कौलारू घर म्हातारें झालें कीं गळूं लागतें, आणि गळणें हें ओरडून सांगणें आहे. स्लॅब मात्र पुष्कळदां शेवटपर्यंत गप्प राहतो.

आपल्या परिसराचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली व पनवेल-उरणच्या गांवांच्या जमिनी नवी मुंबईसाठीं घेण्यांत आल्या. जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी रस्त्यावर उतरले व त्यांतील कांहीं जण गोळीबारांत बळी पडले. त्या लढ्यांतून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. २६ मे १९८९ पासून न्हावाशेवा बंदर चालूं लागलें. त्या बंदरासाठीं उठविलेल्या शेवा कोळीवाड्याच्या लोकांस हनुमान कोळीवाडा म्हणून वसविलें. तेथील घरें वाळवीनें पोखरलीं, आणि तीं माणसें दुसऱ्यांदा घर मागत राहिलीं. नवीन बांधलेलें घरही जागा न पाहतां बांधलें तर काय होतें, याचा हा धडा आपल्या शेजारींच घडला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु खुला झाला व त्याच दिवशीं उरणपर्यंतच्या आगगाडीचेंही उद्घाटन झालें. द्रोणागिरीस स्टेशन मिळालें. मोठ्या कामांस पैसा मिळत नाहीं असें कोणीं म्हणूं नये. मोठ्या कामांस पैसा मिळतो, कारण त्यांचा आराखडा, अंदाजपत्रक व पाठपुरावा करणारीं माणसें नेमलेलीं असतात. गांवठाणांतील चार खोल्यांच्या शाळेस असा माणूस नसतो.

सरकारनें कांहीं केलें नाहीं असेंही नाहीं. १९८७ च्या ‘खडूफळा’ मोहिमेनें प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत टिकणाऱ्या दोन खोल्या असाव्या असें ठरविलें. २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानांत एकूण खर्चाच्या ३३ टक्क्यांपर्यंत रक्कम बांधकामास राखली होती, आणि स्वतःची इमारत असलेल्या शाळेस देखभालीसाठीं तीन खोल्यांपर्यंत वर्षाला ५,००० व त्याहून अधिक खोल्यांस १०,००० रुपये मिळत. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अंमलांत आला. त्याच्या परिशिष्टांत प्रत्येक शिक्षकामागें एक खोली, मुलामुलींसाठीं वेगळीं स्वच्छतागृहें, पिण्याचें पाणी, कुंपण व मैदान हीं सर्व नमूद आहेत. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेंत शाळेस विद्यार्थिसंख्येवरून एकत्रित अनुदान ठरलें : ३१ ते १०० मुलांच्या शाळेस वर्षाला २५,००० व १०१ ते २५० मुलांच्या शाळेस ५०,००० रुपये. खडू, वीज, पाणी, स्वच्छता व किरकोळ दुरुस्ती हें सर्व त्यांतच भागवावयाचें.

येथें थोडें गणित करूं. उदाहरणादाखल एक नवी खोली दहा लाख रुपयांस पडते व पन्नास वर्षें टिकते असें धरा. मग त्या खोलीच्या वार्धक्यासाठीं दरवर्षीं वीस हजार रुपये बाजूस काढले पाहिजेत. पांच खोल्यांच्या शाळेस ही रक्कम वर्षाला एक लाख होते. नव्वद मुलांच्या शाळेस मिळणारें अनुदान पंचवीस हजार. त्यांतून विजेचें बिल व खडू वजा करा. उरतें त्यांतून एखादी खिडकी बसेल, छप्पर बसणार नाहीं. यांत मास्तरांचा दोष नाहीं, सरपंचांचा नाहीं, आणि एखाद्या साहेबाचाही नाहीं. शाळेच्या जन्माचा पैसा प्रत्येक काळीं कोणीं ना कोणीं दिला, तिच्या म्हातारपणाचा पैसा मात्र कोणत्याच काळीं बाजूस निघाला नाहीं. जी शहाणीव देवळाच्या फाब्रिकांत होती, ती शाळेच्या वांट्यास आली नाहीं.

याची किंमत कोठें कोठें मुलांनीं भरली आहे. ऑगस्ट २०१७ मध्यें तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील निंबोडी येथें शाळेचें छत कोसळून तीन मुलें गेलीं. त्यानंतर त्या जिल्ह्यांतील जीर्ण खोल्यांची मोजदाद झाली, व शिर्डीच्या श्रीसाईबाबा संस्थाननेंही शाळाखोल्यांसाठीं निधि देऊं केला. २५ जुलै २०२५ रोजीं राजस्थानांतील झालावाड जिल्ह्यांत पिपलोदी गांवीं सकाळच्या वेळीं शाळेचें छत कोसळलें व सात मुलें दगावलीं. आपल्या जिल्ह्यावर ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें तेव्हां अनेक शाळांचे पत्रे व कौलें उडून गेलीं; साथीमुळें शाळा बंद होत्या म्हणून मुलें घरीं होतीं, ही देवाची दयाच म्हणावयाची.

श्रीमंत देश यांतून सुटले आहेत असें नाहीं. इंग्लंडांत १९५० नंतरच्या दशकांत हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या फळ्या वापरून पुष्कळ शाळा बांधल्या. २०१८ सालीं केंट परगण्यांत अशा एका प्राथमिक शाळेचें छत सुटीच्या दिवशीं कोसळलें. पांच वर्षांनीं, ३१ ऑगस्ट २०२३ रोजीं, शाळा उघडावयास थोडे दिवस राहिले असतां शंभराहून अधिक शाळांस आपल्या इमारती किंवा त्यांचे भाग बंद करण्याचा हुकूम झाला. याउलट उदाहरण अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाचें. १० मार्च १९३३ रोजीं सायंकाळीं लाँग बीच येथें भूकंप झाला व सत्तर शाळा जमीनदोस्त झाल्या. मुलें घरीं गेलीं होतीं म्हणून वांचलीं. तेथील कायदेमंडळानें एका महिन्याच्या आंत, १० एप्रिलला, शाळागृहांच्या बांधकामाची सरकारी तपासणी सक्तीची करणारा कायदा केला. दोन्हीं ठिकाणीं मुलांस सुटीनें वांचविलें. एकानें त्या सुटीचा उपयोग एका महिन्यांत केला, दुसऱ्यानें पांच वर्षें घेतलीं. आमच्या त्या पहिल्या गांवीं आम्हांसही एक रविवार मिळाला होता, आणि तो आम्हीं मागितलेला नव्हता.

मग करावें काय ? जुन्या शाळेचा विचार करतांना क्रम चुकूं नये असें आमचें अनुभवाचें मत आहे. प्रथम इमारतीची जन्मपत्रिका लिहावी : ती कोणत्या सालीं बांधली, कोणत्या साहित्यानें, जागेचा उतारा कोणाच्या नांवें आहे, शेवटची दुरुस्ती केव्हां झाली. पुष्कळ शाळांची जागा कोणा भल्या गृहस्थानें तोंडी दिलेली असते व कागद नसतो; मग निधि मंजूर होऊनही काम अडतें. दुसरें, जाणत्या इंजिनिअराकडून बांधकामाची तपासणी करून घ्यावी. केवळ डोळ्यांनीं पाहून “अजून दहा वर्षें काढील” असें म्हणणें हा भविष्यवाद झाला. तिसरें, दुरुस्ती कीं नवें बांधकाम हें तपासणीवरून ठरवावें, हौसेवरून नव्हे. जोतें व भिंती शाबूत असून कौलें व वासे गेले असतील तर दुरुस्ती स्वस्त व शहाणपणाची. सळई ठिकठिकाणीं फुगून उघडी पडली असेल तर वरचा गिलावा म्हणजे मृताच्या मुखास पावडर. चौथें, पुढील दहा वर्षांत येथें किती मुलें येतील याचा अंदाज करावा. आपल्या नव्या वसाहतींत माणसें वाढत आहेत आणि जुन्या गांवांतील मराठी शाळांत पट घटत आहे. आठ खोल्या बांधून तिघींत मुलें बसविणें हाही पैशाचा अपव्यय. पांचवें, काम चालूं असतां मुलें कोठें बसतील हें आधीं ठरवावें, नाहीं तर तीं उन्हांत बसतात, आणि कांहीं परत येतच नाहींत. सहावें, मोडकी खोली रीतसर निर्लेखित करून पाडून टाकावी. वापर बंद केलेली पण उभी ठेवलेली खोली मुलांच्या लपंडावाची जागा होते, व तो लपंडाव आम्हांस नको आहे.

पैशाचें म्हणाल तर वाटा आहेत. समग्र शिक्षेंत आपल्या राज्यासाठीं केंद्र ६० व राज्य ४० असा वांटा आहे. जिल्हा नियोजनाचा निधि आहे. आमदार-खासदारांचा निधि आहे. आणि २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें मोठ्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावे लागतात, त्यांत शिक्षण येतें. बंदर, तेल व वायु यांच्या कामांनीं वेढलेल्या आपल्या भागास ही वाट इतरांहून जवळची आहे. परंतु यांतील प्रत्येक दारावर अर्ज, अंदाजपत्रक व ठराव घेऊन कोणी तरी उभें राहावें लागतें. कायद्यानें तें काम शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलें आहे, आणि तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. शाळेचा विकास-आराखडाही तीच समिति करते. आणि येथें आम्हांस एक कडू गोष्ट सांगावी लागते. आपल्यांतील ज्यांस अर्ज लिहितां येतो, साहेबापुढें बोलतां येतें, त्यांनीं आपलीं मुलें इंग्रजी शाळांत घातलीं. त्यांत गैर कांहीं नाहीं. आमच्या ख्रिस्ती संस्थांनींच तशा शाळा काढल्या. परंतु गांवच्या शाळेंत आतां कातकऱ्याचीं, मजुराचीं, परप्रांतांतून आलेल्या गवंड्याचीं मुलें उरलीं, ज्यांच्या आईबापांस सभेस यावयाचें तर दिवसाची मजुरी बुडते. छप्पर गळतें त्याखालीं बोलणारा कोणी राहिला नाहीं.

पवित्र शास्त्रांत, दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत, योआश राजाची कथा आहे. मंदिराची मोडतोड दुरुस्त करावी म्हणून राजानें याजकांस लोकांकडून पैसे घेण्यास सांगितलें. राजाच्या कारकिर्दीचें तेविसावें वर्ष उजाडलें. पैसे आले, पण दुरुस्ती झाली नाहीं. तेव्हां यहोयादा याजकानें एक पेटी घेऊन तिच्या झांकणास भोंक पाडलें व ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली कीं राजाचा चिटणीस व प्रमुख याजक दोघे मिळून पैसे मोजीत आणि सरळ सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या कामावर देत. धर्मगुरु या नात्यानें ही कथा वाचतांना आमची मान खालीं जाते, कारण दोष याजकांचा होता. परंतु उपायही तींतच आहे : पैसा या कामापुरता वेगळा ठेवावा, दोघांनीं मोजावा, आणि तो कारागिराच्या हातीं लवकर पोंचावा.

म्हणून ज्युबिली समितीपुढें आम्हीं एक लहानशी विनंति ठेवली आहे. उत्सवाच्या खर्चांतून जें शिल्लक राहील त्याचा दहावा भाग गांवच्या सार्वजनिक शाळेच्या देखभालीसाठीं काढावा, व पुढें दरवर्षीं एका रविवारचें दान त्यांत घालावें. हा पैसा शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानेंच खर्च व्हावा, हिशेब शाळेच्या दारावर लावावा, आणि आपल्या नांवाची फरशी कोठेंही बसवूं नये. नवी खोली देणाऱ्याची फरशी भिंतीवर लागते. शाकारणी करणाऱ्याची लागत नाहीं, म्हणून तर शाकारणी होत नाहीं. हें दान सरकारचें कर्तव्य आपल्या अंगावर घेण्यासाठीं नव्हे. छप्पर उभारणें हें सरकारचेंच काम, आणि तें मागत राहणें हा आपला हक्क. आपला पैसा पन्हाळ, खिडकी, इंजिनिअराची तपासणी व अर्जाची टपालहंशील यांपुरता. आणि आपल्यांतील जे लिहिणारे-बोलणारे निवृत्त गृहस्थ व भगिनी आहेत त्यांचा वेळ तर पैशाहून मोलाचा. समितीच्या सभेस ज्या आईस मजुरी बुडवून यावें लागतें, तिच्या शेजारीं त्यांनीं बसावें, व तिला जें सांगावयाचें तें कागदावर उतरावें.

येत्या वैशाखांत, उन्हाळी सुटी लागतांच, आम्ही स्वतः वही व टॉर्च घेऊन हेडमास्तरांच्या परवानगीनें शाळेची प्रत्येक खोली पाहणार आहों. गवंडीकाम, सुतारकाम किंवा इंजिनिअरिंग जाणणाऱ्या धर्मग्रामस्थांनीं त्या सकाळीं सोबत यावें. जेथें तांबूस डाग दिसेल तेथें खडूनें तारीख लिहूं, आणि पावसाळा संपल्यावर तो डाग किती वाढला हें पुन्हा जाऊन पाहूं. आम्हांस एकदां एक भेग रोज दिसत होती व आम्हीं ती लिहून ठेविली नाहीं. या वेळीं लिहून ठेवणार आहों.